सासऱ्यांच्या गाडीचा मेंदू

ज्या यंत्राला मेंदू असतो त्याला समजावून सांगायला माणूस ठेवावा लागतो. ज्याला नसतो ते आपले आपण चालते. हा नियम कुटुंबांनाही लागू आहे, पण तूर्त मोटारगाडीपुरते बोलू.

गाडीच्या इंजिनाला एक छोटा कॉम्प्युटर असतो. हवा किती आली, त्यावर पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कधी टाकायची, हे तो ठरवतो. इंजिनावर सुपरचार्जर, म्हणजे हवा कोंबणारे यंत्र, बसवले की हवा भरमसाट येते. ही वार्ता कॉम्प्युटरला कुणीतरी द्यावी लागते. न दिल्यास, पाहुणे दुप्पट आणि स्वयंपाक तेवढाच, अशी गत होऊन इंजिन भडकते आणि पिस्टनला भोक पडते. (पाहुणे निदान नुसते नाराज होऊन जातात.) ही वार्ता देणाऱ्यास ट्यूनर म्हणतात.

आपला ट्यूनर या विद्येत मुरलेला होता. गाडी जागच्या जागी पळवणाऱ्या रोलरवर पट्ट्यांनी बांधायची, समोर टोपी उडवणारा पंखा लावायचा, लॅपटॉपची केबल स्टिअरिंगखाली खुपसायची आणि नुसत्या आवाजावरून इंजिनाची नाडी ओळखायची. लांबलांबचे लोक त्याच्याकडे गाड्या आणत. एका माणसाचा मात्र त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता, आणि ते त्याचे सासरे होते. वजनमापे तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी नऊ वर्षांत जावयाचे एकदाही कौतुक केले नव्हते. "जावई काय करतात?" असे कुणी विचारले, की "कॉम्प्युटरमध्ये आहेत" एवढे सांगून ते विषय बदलत.

सासरे रोज सकाळी बागेत फिरायला जात. तिथल्या मंडळातल्या एका माजी बँक मॅनेजरने गाडीला सुपरचार्जर बसवला. (गाडीचा उपयोग: चालायला बागेपर्यंत येणे.) मग सासऱ्यांनाही तो आवश्यक वाटू लागला. तो बसला, आणि गाडी नाइलाजाने जावयाकडे आली.

सासरे रोलरशेजारी खुर्ची टाकून बसले.

"जावईबापू, एवढा आवाज करायलाच हवा का?"

"हो बाबा, पूर्ण जोर लावून बघावं लागतं."

"आम्ही काटे तपासायचो, तेव्हा हूं की चूं होत नसे."

असे दिवसभर चालले. तरीही ट्यूनरने त्या दिवशी आयुष्यातली सर्वोत्तम फाईल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, बनवली. हवा आणि पेट्रोलचा संसार असा जुळला, की त्याला स्वतःलाच भरून आले. तेवढ्यात सासऱ्यांनी "झालं का?" असे विचारले, तो "झालं" म्हणाला, आणि फाईल गाडीत कायमची साठवण्याचे शेवटचे बटण दाबायचे राहून गेले. गाडी बंद होताच कॉम्प्युटर सगळे विसरून जुन्या वळणावर गेला.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडल्यावर हे त्याच्या ध्यानात आले. तो फोन उचलणार, तोच फोन वाजला.

"जावईबापू, मानलं तुम्हाला! गाडी आहे की बाण! पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते."

मागोमाग बायको आली. "अरे, बाबा चक्क 'छान' म्हणाले! आईच्या स्वयंपाकालासुद्धा कधी म्हणाले नाहीत रे."

येथे दोन वस्तू पणाला लागल्या, इंजिन आणि इज्जत. पैकी इंजिन बाजारात नवे मिळते. या मुद्द्यावर ट्यूनरने दोन दिवस विचार केला, पण फोन वाजला की त्याला पिस्टनचे भोकच दिसे. अखेर "सहज आलो होतो" म्हणत तो सासरी गेला आणि गाडीला केबल लावली.

पाय किती दाबला जातो, याची नोंद गाडी ठेवते. सासऱ्यांचा पाय एक पंचमांशाच्या पुढे कधी गेलाच नव्हता. एवढ्याशा दाबाला सुपरचार्जरची हवा झडपेतूनच माघारी फिरते. म्हणजे बाण झालेली ती गाडी पूर्वी होती तशीच चालत होती, फक्त थोडी जड. ट्यूनरने निमूटपणे खरी फाईल भरली, बटण दाबले, पुन्हा एकदा बघून घेतले आणि हलक्या मनाने घरी आला.

संध्याकाळी फोन आला. "काय करून ठेवलंत हो? सगळी ओढ गेली. चांगली चालली होती, हात लावलात!"

"बाबा, एकदा पूर्ण दाबून तर बघा."

"दाबायचं कशाला? पायाला कळतं मला. पस्तीस वर्षं वजनं तपासलीत."

ट्यूनर पुन्हा गेला. केबल लावली. कशालाही हात न लावता स्क्रीनकडे बघत कपाळाला आठ्या घातल्या, एकदा "हं" म्हटले आणि केबल काढली. सासरे गल्लीत एक फेरी मारून आले. "आता कसं!"

ही बातमी बागेत पोचली आणि मंडळाची रांग लागली. आता उपचाराची पद्धत ठरून गेली आहे. लहान इंजिनाला एक "हं", मोठ्याला दोन, आणि गाडी परदेशी असल्यास चष्मा काढून पुसणे. शंभर टक्के गाड्यांची ओढ वाढली. माजी बँक मॅनेजरचे तर मायलेजही सुधारले. (त्यांच्या गाडीला केबल नीट लागलीच नव्हती.) खरी फाईलही ट्यूनर भरतो, पण चोरून. तिने गिऱ्हाईक बिथरते.

एवढे होऊनही त्याला वाईट वाटे. आयुष्यातली सर्वोत्तम फाईल त्या गाडीत पडून होती आणि तिचा आवाज कुणीच ऐकणार नव्हते. एकदा तो न राहवून म्हणाला, "बाबा, आतली ताकद एकदा तरी वापरा हो."

"कशाला? आहे ना आत! तुम्ही घातलीत, म्हणजे आहेच."

त्याच सकाळी सासऱ्यांनी मंडळात त्याची ओळख करून दिली होती, "हे आमचे जावई. यांचा नुसता हात लागावा लागतो." कॉम्प्युटरचे नावही निघाले नव्हते.

ताजा कलम. ही गोष्ट ज्या वाचकाला प्रथम दाखवली, त्याने "जरा ढिली आहे" म्हणून परत केली. प्रस्तुत लेखकाने ती समोर ठेवून आठ्या घातल्या, दोनदा "हं" म्हटले आणि एकही अक्षर न बदलता पुन्हा पाठवली. "आता कशी झाली!" असे त्याचे उत्तर आले. तुम्हाला मात्र ती अजून ढिलीच वाटत असेल, तर जरा थांबा. मी चष्मा पुसतो, तुम्ही पहिल्यापासून वाचा.