जीपची मागची बाजू

पोलीस खात्यातून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेल्या दिनकररावांना आपली जुनी जीप परभणीतल्या एका भंगारवाल्याकडे सापडली, तेव्हा तिच्या बॉनेटखाली कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. पिल्लं निघेपर्यंत ते थांबले आणि मग जीप ट्रॅक्टरला बांधून घरी घेऊन आले. एकोणीस वर्षं त्यांनी ह्याच जीपवर गस्त घातली होती. मुख्यालयात जुन्या वस्तूंचं एक दालन निघणार होतं आणि जीप होती तश्शी करून आणली तर दारातच उभी करू, असा शब्द तिथल्या साहेबांनी दिला होता.

पुढचा भाग सहा महिन्यांत उभा राहिला. गिअरची मूठ किती झिजलेली होती, हॉर्न कुठल्या बाजूनं दाबला की वाजायचा, सगळं दिनकररावांच्या हाताला पाठ होतं. गाडं अडलं ते मागच्या बाजूला. भंगारवाल्यानं मागचं सगळं कापून विकलं होतं, आणि तिथं नेमकं काय होतं ते दिनकररावांना काही केल्या आठवेना. फोटो धुंडाळले, तर प्रत्येकात बॉनेटपुढे हार घालून उभे असलेले अधिकारी. एक जुना कागद मिळाला, त्यात ‘मागील आसनव्यवस्था : नेहमीप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं. शेवटी त्या काळच्या एका शिपायाला फोन लावला. तो म्हणाला, आम्हाला कुठलं बसायला मिळतंय, आम्ही मागं लटकून यायचो.

नर्मदाबाई शेंगा सोलता सोलता नवऱ्याची ही घालमेल चार दिवस बघत होत्या. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "जे आत बसून गेले त्यान्लाच इचारा की."

दिनकररावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत बसून गेलेल्यांत सगळ्यात अनुभवी म्हणजे पोखर्णीचा बन्सीधर. पैसे लावून पत्त्यांची तिर्रट खेळताना तो सात वेळा सापडला होता आणि सातही वेळा ह्याच जीपमधून ठाण्यात आला होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वहीत जीपचं चित्र काढलं, मोटरसायकल काढली आणि पोखर्णी गाठली. अंगात सवयीनं खाकी पँट, कमरेला रुंद पट्टा, ओठावर झुपकेदार मिशा. नरसिंहाच्या देवळाजवळच्या पारावर त्यांनी बन्सीधरचं घर विचारलं. पत्ता मिळाला, पण पत्ता सांगणारे सगळे उठून मागोमाग चालू लागले. बन्सीधर आता गावातला वजनदार माणूस होता. कपाळी गंध, गळ्यात माळ, भंडाऱ्याचा सगळा कारभार त्याच्याकडे. त्याच्या दारात पोलीस कशाला, हे गावाला कळायलाच हवं होतं.

दिनकररावांनी दारात उभं राहून जुन्याच आवाजात हाक दिली, "ए बन्सी!"

आत बन्सीधरच्या मुलीला, राजेश्रीला, बघायला चुडाव्याहून पाहुणे आलेले होते. मुलगा गोपाळ रेल्वेत नोकरीला, सोबत त्याचे वडील आश्रुबा आणि आई विजयमालाबाई. पोह्यांच्या बशा नुकत्याच हातात आल्या होत्या. ती हाक ऐकली आणि बन्सीधरचं वय पंचवीस वर्षांनी कमी झालं. काय होतंय ते पाहुण्यांना कळायच्या आत तो बशीसकट मागच्या दारानं गेला, कुडाच्या कुंपणावरून उडी टाकली आणि तुरीच्या रानात दिसेनासा झाला.

दिनकरराव आत आले, तर पाहुणे रिकाम्या पाटाकडे बघत बसलेले. आपण काय करून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं. पोरीचं लग्न आपल्यापायी मोडणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी घाईघाईनं सांगून टाकलं की बन्सीधर म्हैस बघायला गेलाय. घरात म्हैस नव्हती, हे दाराशी जमलेल्या गावानं लगेच सांगितलं.

बन्सीधरला रानातून शोधून आणलं, तेव्हा धोतर बाभळीनं फाटलं होतं. बशी मात्र त्यानं सोडली नव्हती. आश्रुबांनी शांतपणे विचारलं, ह्या पाहुण्यांची आणि तुमची ओळख कशी?

"एकाच गाडीतून जाणं-येणं व्हतं आमचं," दिनकरराव म्हणाले. हे खोटं नव्हतं.

"कंच्या गाडीतून?"

"सरकारी."

बन्सीधरनं मान खाली घातली. तेवढ्यात राजेश्रीच पुढे आली. चहाचा ट्रे खाली ठेवून ती सरळ उभी राहिली.

"माझे बाबा तिर्रट खेळायचे," ती म्हणाली. "मी झाले त्या साली त्यांनी पत्ते सोडले, परत हात लावला न्हाई. आज ना उद्या तुमाला कळणारच व्हतं. पटलं तर बघा."

दिनकररावांनी तोंडातल्या तोंडात माफी मागितली, आपण फक्त जीपचं विचारायला आलो होतो असं सांगितलं आणि पुरावा म्हणून वही पुढे केली. आश्रुबांनी ती घेतली, चष्मा लावला आणि बराच वेळ चित्र न्याहाळलं. मग पेन्सिल मागितली.

"हे चुकलंय," ते म्हणाले. "फळी दोन्ही अंगाला नव्हती. एकाच अंगाला व्हती, डाव्या. उजव्या अंगाला स्टेपनी."

विजयमालाबाईंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. "तुमी तर दर साली नरसिंहाच्या नवसाला जायलोय म्हणून यायचे."

"नवसालाच यायचो," आश्रुबा म्हणाले. "जाताना जीप मिळायची."

गोपाळला आधी हसू फुटलं, मग राजेश्रीला. बन्सीधरच्या अंगात एकदम जीव आला. तो वहीवर वाकला आणि स्टेपनी डाव्या अंगालाच होती, तिच्यावर मी सात वेळा बसलोय, असं ठणकावून सांगू लागला. दोघांची तासभर जुंपली. फळीला मधे एक खिळा वर आलेला होता, एवढ्यावर मात्र दोघांचं लगेच एकमत झालं. त्या वादात सुपारी कधी फुटली ते दिनकररावांना कळलंही नाही. गोपाळ आणि राजेश्री अंगणात उभं राहून बोलत होते आणि विजयमालाबाई साखर वाटत होत्या.

पुढचे दोन महिने दोघं व्याही दर रविवारी दिनकररावांच्या अंगणात हजर होऊ लागले. फळी बसली, स्टेपनी बसली, खिळासुद्धा मोजून तेवढाच वर काढला. मुख्यालयात न्यायच्या दिवशी जीपला हार घातला. दिनकररावांनी इस्त्रीचा सदरा घातला, पुढचं दार उघडून धरलं आणि दोघांना मानानं म्हणाले, "या, आज पुढं बसा. दोघं मावतान."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, धोतर सावरलं आणि मागून वर चढले.

"मागंच बरं हाय, साहेब," बन्सीधर म्हणाला. "पुढून ह्यो रस्ता आमाला वळखू येणार न्हाई."