तीन दिवे आणि अर्धी मिशी

मुलाखतीला जाण्याआधी मिशी जराशी कोरावी, एवढंच माझ्या मनात होतं. ज्या ऑफिसात मी खिडकीजवळ बसून कारकुनी करतो, तिथं हेडक्लार्कची जागा रिकामी झाली होती, आणि माझी मिशी झिजलेल्या ब्रशसारखी दिसते असं बायकोचं (लग्नापासूनचं) मत होतं. ट्रिमर उचलला. त्यावर बॅटरीचे तीन हिरवे दिवे, तिन्ही पेटलेले. म्हणजे गडी पोटभर जेवलेला!

डावी बाजू जरा जास्त कोरली गेली. सावरायला गेलो तर ती साफच झाली. म्हटलं, आता उजवीही काढू. ट्रिमर टेकवला, तो एकदा घुरघुरला आणि गप्प. दिवे? तिन्ही पेटलेले!

"अहो, चार्जिंगला लावा ना," बायको म्हणाली.

"कशाला? भरलेला आहे तो!"

"मग चालवा."

लावला चार्जिंगला. तर चार्जिंग चालू असताना तो चालत नाही म्हणे! (हे बायकोला ठाऊक होतं. मला नव्हतं.) माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रिमर उचलला, नाकावर रुमाल धरला आणि तो जिथून घेतला होता ते दुकान थेट गाठलं.

"सर्दी वाटतं?" दुकानदारानं विचारलं.

मी रुमाल काढला. तो हसला नाही. पाठ फिरवून उभा राहिला. खांदे मात्र हलत होते.

"तीन दिवे असताना हा बंद पडतोच कसा?" मी गरजलो.

"साहेब, बॅटरी जुनी झाली की दिवे अंदाजे दाखवतात."

"अंदाजे? मी तुम्हाला पैसे अंदाजे दिले होते?"

"पण शेवटचा दिवा विझला की बॅटरी संपली, हे अगदी नक्की."

"अहो, विझलाच नाही तो!"

"मग संपली नसेल."

शेवटी शोकेसमधला ट्रिमर घेऊन त्याच्याच काउंटरवर उरलेली मिशी उतरवली. (त्यावर एकच दिवा होता. लाल. तरी बिनबोभाट चालला.)

धापा टाकत ऑफिस गाठलं. मोठ्या साहेबांनी मला नीट न्याहाळलं, चार प्रश्न विचारले आणि खूश होऊन म्हणाले, "छान! जागा तुमचीच समजा. तुम्ही आलात हे फार बरं झालं. मला धास्ती होती, खिडकीजवळ बसतो तो मिशीवाला बावळट अर्ज करतोय की काय!"