साठेकाकांचं सीमेवरचं स्टेशन

आइंडहोवनजवळच्या न्यूनेन गावात आमच्या शेजारच्या साठेकाकांकडे जेवायला गेलं, की वरणभात झाल्यावर ताट हातात घेऊन उठावं लागे. उरलेलं जेवण पलीकडच्या खोलीत. मधल्या बोळात काका आडवा हात धरून उभे.

"जाहीर करण्यासारखं काही?"

"लोणचं," काकू म्हणायच्या. "आणि सोडा आता, भाजी गार होतेय."

हे सगळं एका स्टेशनपायी. पिरेनीजच्या डोंगरात, दोन देशांच्या सीमेवर बांधलेलं, राजवाड्याएवढं. दोन्ही देशांच्या रुळांमधलं अंतर वेगळं, त्यामुळे इकडची गाडी तिकडे जाईना. माणसं, पेट्या, सगळं उतरवायचं, कस्टम्समधून न्यायचं आणि दुसऱ्या गाडीत चढवायचं. पुढे पलीकडच्या उतारावर एक मालगाडी घसरली, पूल कोसळला, तो परत कोणी बांधला नाही. अलीकडची गाडी मात्र त्या ओसाड इमारतीपर्यंत येतच राहिली, चार-दोन माणसं घेऊन.

"पूल पडल्याने स्टेशन मरत नाही हो," काका सांगत. "बांधू, बांधू म्हणण्यात मरतं."

स्वतः त्यांनी ते कधीच पाहिलं नव्हतं. आइंडहोवनला चिप बनवायच्या यंत्रांवर जन्म घालवलेला माणूस. सुट्टी मिळाली की पुणे. आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल करायचो.

मग काकू भाचीच्या लग्नाला पुण्याला गेल्या आणि मागून विमानं बंद झाली. काका रोज एकटेच अर्ध्या जेवणातून उठून खोली बदलत. आमच्या खिडकीतून दिसायचं. पावसाळ्यात काकूंना कोविडने गाठलं. एका नर्सने हॉस्पिटलात फोन धरला, तेवढंच काकांना शेवटचं दर्शन. मला त्या टिंगलीतलं एकेक वाक्य टोचायला लागलं.

दहाव्याचं त्यांनी मागच्या बागेत केलं. गुरुजी पुण्याहून लॅपटॉपवर, नातेवाईक आपापल्या चौकटीत. मास्क लावून मी मदतीला. पिंड कुंडीशेजारी, कॅमेऱ्याच्या बाहेर. इथल्या कावळ्यांना आपल्या रीती कुठल्या ठाऊक, दिवसभर ताटकळावं लागणार, अशी मला धास्ती होती.

पण कावळा लगेच आला. उड्या मारत थेट भाताकडे. काकांनी उपरणं झटकून त्याला उडवलं.

"शिवला का?" गुरुजींनी विचारलं.

"अजून नाही."

दुसरा आला. तोही उडवला.

"काही इच्छा राहिली असेल त्यांची. बोला, करतो म्हणा," गुरुजी म्हणाले. "नाहीतर दर्भाचा कावळा करून लावू."

"थांबू की गुरुजी," काका स्क्रीनकडे बघत शांतपणे म्हणाले. "तिला पाठवायची एवढी घाई कशाला?"

पुण्यात कोणीतरी हुंदका दिला. सगळे हात जोडून वाट बघत राहिले.

तिसरा कावळा कुंपणावर उतरला, तेव्हा काकांना उपरणं उचलवेना. मग मीच पुढे झालो आणि त्याला हाकललं.