क्वाड्रुपल नाना

आमच्या पडेगावच्या बिल्डिंगमध्ये उन्हाची बातमी रामकिसन नाना देतात. सकाळी गॅलरीत यायचं, कपाळावर हात आडवा धरायचा आणि जाहीर करायचं, "आज ट्रिपल हाय!" मग आम्ही बायका पापड वाळत घालायचे की नाही ते ठरवतो.

नाना मूळचे पाचोडचे शेतकरी. मुलानं इथं फ्लॅट घेतला आणि वर्षाच्या आत बायको-मुलीला घेऊन तो कॅनडाला गेला. फ्लॅट राखायला नाना उरले. पूर्वी त्यांचं सगळं 'लई' असायचं. ऊन लई, भाव लई, शेजारीण बोलती लई. (ही शेजारीण म्हणजे मी.) हल्ली मात्र लिफ्ट बंद पडली की "डबल ताप!" भाजीवाल्याला तर एकदा म्हणाले, "तुझी वांगी क्वाड्रुपल किडकी हायेत." तो बिचारा माझ्याकडं वळला. "बाजी, चचा कौनसी दवा मारनेकू बोल रहे?"

क्वाड्रुपल म्हणजे चौपट, हे मीच नानांना शिकवलेलं. त्यामुळं मी घाईघाईनं वांगी निवडायला लागले.

दर थोड्या दिवसांनी नाना पुन्हा दारात. "ताई, चौपटीच्या फुडं काय?" मी मोबाइलमध्ये बघून सांगायची, पाचपट म्हणजे क्विन्टुपल. मग नाना दिवसभर तो शब्द पानासारखा चघळायचे.

एकदा मी वैतागलेच. "नाना, या वयात कुठल्या परीक्षेला बसताय? तुमचं लई काय वाईट होतं?"

"पोरीला लई कळत नाय ना. तिचा बाप म्हणला, इंग्रजीत बोला."

पोरगी म्हणजे त्यांची नात, ओवी. ती फोनवर इंग्रजीत म्हणते, नाना, तुमची आठवण येते. नानांनी म्हणायचं, डबल. तिनं म्हणायचं, ट्रिपल. ज्याचा शब्द संपला, त्यानं फोन ठेवायचा.

"हरायचं काय नाय, ताई," नाना म्हणाले, "पण फोन लवकर बंद व्हतो."

त्याच दुपारी मी त्यांच्याकडून थेट दहापटीपर्यंतचे शब्द घोकून घेतले.

रविवारी नानांनी मला मोबाइल धरायला बोलावलं. खेळ रंगला. ओवी नऊपटीचं 'नॉन्युपल' म्हणाली आणि नानांनी मांडीवर थाप मारून ठोकलं, "डेक्युपल!"

ओवीचे शब्द संपले. नाना जिंकले होते! मी टाळी वाजवणार, तेवढ्यात त्यांचा चेहरा पाहिला. आता नियमानं पोरगी फोन ठेवणार होती.

"ताई, लई शिकवलं तुम्ही," नाना पुटपुटले.

"लई!" तिकडून ओवी ओरडली. नानांच्या कडेवर ऐकलेला शब्द तिला बरोबर सापडला होता. "नाना, लई!"

"व्हय गं माझी बाय! लई लई!"

"लई लई लई!"

त्या दिवशी फोन कुणीच ठेवला नाही. शेवटी नानांच्या मोबाइलचं चार्जिंग संपलं. चार्जर शोधत नाना घरभर धावत होते आणि बंद मोबाइलला बजावत होते, "थांब गं, माझी पाळी हाय अजून!"