देसाईबाईंची आम्लं

निपाणीत आमच्या गल्लीत हळदीकुंकवाला देसाईबाई आल्या की बायका पदर घट्ट ओढून बसायच्या. कारण कुंकू लावून घेण्याआधी बाई समोरच्या बाईचा दंड चाचपायच्या. चिमटीत धड मांस आलं नाही, की सगळ्यांदेखत विचारायच्या, "काय हो, डाळ खाता की नुसतं तिच्यावरचं पाणी?"

मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, पण शिकवणं थांबेना. मग गल्लीतली पन्नाशी ओलांडलेली प्रत्येक बाई त्यांची विद्यार्थिनी झाली. विषय एकच, अमिनो आम्लं. "शरीर म्हणजे भिंत, आणि ही आम्लं तिच्या विटा. काही विटा शरीर घरीच पाडतं, काही बाहेरूनच आणाव्या लागतात. ज्वारीत कमी पडतात त्या डाळीत मिळतात."

माझ्या आईला यातलं काही पटायचं नाही. "ती आमिना आपल्या ओळखीचीबी न्हाय," ती मला म्हणायची, "तिच्यापायी मी का खाऊ?"

सन ऐंशीच्या आसपास वडील गेले आणि आईनं जेवण सोडल्यासारखंच केलं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. उरलेल्या दिवशी चहात बुडवलेले बेकरीतले कडक बटर. त्यात डॉक्टरांनी साखरेचा आजार झाल्याचं सांगितलं. आईनं घाबरून भाकरीसुद्धा सोडली. बटर मात्र ठेवले, ते आजाऱ्याचं खाणं म्हणून. एका सकाळी ती न्हाणीत बसली ती उठेचना. पडली नव्हती, काही दुखत नव्हतं. मांड्यांत जोरच उरला नव्हता. मी आणि शेजारच्या काकूंनी तिला धरून बाहेर आणलं. आई भिंतीकडं तोंड करून रडली.

बातमी कळताच देसाईबाई काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली घेऊन हजर. परसात बसून त्यांनी आईची लघवी उकळायला घेतली. काकू डोकावल्या. "कसला काढा चाललाय?"

"लांबूनच बघा," बाई म्हणाल्या. "प्यायचा नाही."

निळ्याचं विटकरी झालं, म्हणजे लघवीत साखर भरपूर. बाईंचा चेहरा उतरला. त्या आईजवळ येऊन बसल्या. "आक्का, अंगातल्या साखरेचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. तुम्ही उपाशी राहून तेच वाळवलंत. मग साखर पडून राहील नाही तर काय? गोळ्या चुकवू नका, आणि उद्यापासून मी येणार."

त्या रोज दुपारी येऊ लागल्या. हुलगे, मटकी, डाळ, जे असेल ते आमच्याच चुलीवर शिजवायच्या आणि आईसमोर ताट घेऊन बसायच्या. आई चिडायची. "बाई, माझं मला मरू द्या की!"

"मरा. पण आधी एवढी वाटी संपवा."

आईचा हट्ट सुटावा म्हणून त्या स्वतःही सोबत जेवायच्या. मला तसंच वाटत होतं. पावसाळा सरेपर्यंत आई उंबऱ्याला धरून उठू लागली, मग न धरता.

आणि एक दिवस बाई आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. "बघून येते," मी म्हणाले, तर आई चपला शोधत होती. "मीबी येतो चल."

बाईंचं घर गल्लीच्या टोकाला. दार नुसतं लोटलेलं. बाई खाटेवर पडून होत्या. चक्कर येत होती, म्हणाल्या. आई सरळ स्वयंपाकघरात गेली. भांड्यांवर धूळ होती. स्टोव्हजवळ नुसतं चहाचं पातेलं, साखरेचा डबा आणि बटरचा पुडा. बाकी डबे मी उघडून पाहिले; डाळींना कीड लागली होती.

आई बाहेर आली. "बाई, घरात तुम्ही काय खाताय?"

बाई छताकडं बघत म्हणाल्या, "आक्का, एकटीसाठी चूल पेटवायला हातच उठत नाही. तुमच्याकडं दुपारी पोटभर व्हायचं. परवा वाटलं, आक्का आता बऱ्या झाल्या. आता कशाच्या निमित्तानं जायचं?"

आईनं मला पाव किलो मसूर आणायला पिटाळलं, स्टोव्ह पुसला, पंप मारून पेटवला. आमटीचा वास घरभर झाला तेव्हा तिनं फळीवर ताटं शोधली. घरात ताट एकच होतं. ते तिनं बाईंसमोर ठेवलं, आणि पातेल्यावरचं झाकण उलटं करून त्यात स्वतःला वाढून घेतलं.

"खा गं," आई म्हणाली. बाईंना तिनं पहिल्यांदाच एकेरी हाक मारली होती.