टोलेडोचे साठे

सकाळी साडेसातला, हातात कचऱ्याची पिशवी आणि डोळ्यांत झोप असताना, कोणी तुम्हाला ओहायो आणि मिशिगन या दोन अमेरिकी राज्यांमधलं युद्ध ऐकवलंय? मला ऐकवलंय. जपानात इचिकावातल्या आमच्या इमारतीत कचऱ्याच्या जाळीपाशी साठे भेटले, की 'नमस्कार', 'काय म्हणताय' वगैरे काही नाही. "जोशी, गंमत ऐका," अशी थेट सुरुवात.

"टोलेडो गाव कोणाचं, यावरून दोन्ही राज्यांनी सैन्य काढलं हो! शेवटी टोलेडो ओहायोला, आणि मिशिगनची समजूत काढायला वरचं जंगल दिलं. पुढे त्या जंगलात तांबं निघालं, लोखंड निघालं! शाळेत शिकवतात का हे?"

नाही शिकवत. पण त्या टोलेडोत मी दोन वर्षं राहिलोय, कंपनीच्या प्रोजेक्टवर! त्या गावासाठी कोणी साधी काठीसुद्धा उगारली असेल असं मला तिथे राहून कधी वाटलं नाही. आणि साठ्यांनी अमेरिकेत पाऊल ठेवलेलं नाही, हेही सांगून ठेवतो. इथे कचऱ्याचे वार ठरलेले असतात, त्या दिवशी जळणाऱ्या कचऱ्याचा वार होता. पिशवी टाकली, जळण मात्र घरी घेऊन आलो.

साठे मूळचे नाशिकचे. टोकियोत तोयोसुला एका आयटी कंपनीत आहेत, तिथे ते साठे-सान. वय चाळिशीचं, राहतात एकटे. एकटे का, हे आम्ही कोणी विचारलं नाही. जपानात राहून एवढं शिकलोय.

ते येण्याआधी इथल्या मराठी मंडळींत 'अमेरिका' हे खातं माझ्याकडे होतं. "आम्ही टोलेडोला असताना" असं मी म्हटलं की लोक हातातली भजी तशीच धरून ऐकायचे. निदान मला तसं वाटायचं. साठे आले आणि माझा धंदा बसला.

ट्रेनमध्ये मोठ्याने बोलू नये हा इथला रिवाज. म्हणून साठे कुजबुजतात, आणि कुजबुजलेली गोष्ट माणूस जास्तच कान देऊन ऐकतो. "डेट्रॉइटला हॉकीच्या सामन्यात लोक बर्फावर काय फेकतात? आख्खा ऑक्टोपस!" आमचा ओजस सात वर्षांचा आहे. मराठी प्रश्नाला जपानीत उत्तर देतो. तो साठ्यांच्या बाहीला लोंबकळून "मोत्तो, मोत्तो," म्हणजे आणखी, आणखी, करत असतो. माझ्याकडे तो फक्त फोनचा पासवर्ड मागतो.

"रॉकची पहिली मोठी मैफल क्लीव्हलँडला झाली म्हणतात. हॉकीच्या हॉलमध्ये! गर्दी एवढी लोटली की पोलिसांनी बंद पाडली!"

यावर आमच्या सौभाग्यवतींनी, मृणालने, भर पंगतीत मला विचारलं, "क्लीव्हलँड तर दोन तासांवर होतं. आपण का नाही रे गेलो कधी?"

"पार्किंग मिळत नाही तिथे," मी म्हणालो.

मला हेवा वाटतो असं मी म्हणणार नाही. सरळ जळफळाट होतो.

बरं, साठ्यांची अमेरिका या दोन राज्यांपलीकडे जात नाही. न्यूयॉर्कचं काही विचारा, "असेल बुवा," म्हणतात. आणि मी "आम्ही टोलेडोला असताना" अशी सुरुवात केली, की हे गृहस्थ उठून पाणी प्यायला जातात. दर वेळी! हा तर उघड उघड अपमान झाला.

गेल्या रविवारी दुपारी आमच्याकडे मिसळीचा बेत होता. मी मनाशी ठरवलं, आज साठ्यांची विकेट काढायचीच.

"साठे, तिकडे शाळेची पिवळी बस मुलांना चढवायला-उतरवायला थांबते, तेव्हा काय होतं?"

साठ्यांचा पाव हातातच राहिला. "काय होतं?"

"आठवा, आठवा."

"नाही हो. माहीत नाही मला."

सगळी मंडळी खायची थांबली. मी सावकाश कांदा घेतला, लिंबू पिळलं आणि मग सांगितलं, "बसमधून थांबायची लाल पाटी बाहेर येते, दिवे लागतात, आणि साध्या दुपदरी रस्त्यावर दोन्हीकडच्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. मूल रस्ता ओलांडेपर्यंत." टाळ्या पडल्या नाहीत, पण मृणालने न मागता मला तर्री वाढली. साठे जेवण होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

जेवणं झाल्यावर मी ताटल्या विसळत होतो, तर साठे स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी नळच बंद केला.

"जोशी, समोरून येणाऱ्या गाड्यासुद्धा?"

"समोरच्यासुद्धा. का हो?"

"रमा टोलेडोला असते. माझी मुलगी. तिसरीत आहे. तिच्या आईबरोबर राहते." मग म्हणाले, "बस थांबते त्याच्या पलीकडच्या बाजूला घर आहे त्यांचं."

मी हातातली ताटली खाली ठेवली.

"रविवारी फोनवर 'कशी आहेस' विचारलं की 'फाइन' म्हणते. मग दोघंही गप्प. एकदा तो ऑक्टोपस सांगितला, तर म्हणाली, 'बाबा, रिअली?' तेव्हापासून तिच्या तिकडचं शोधत असतो काही ना काही. आधी तुम्हाला सांगून बघतो. तुम्ही लोक हसलात तर तिला."

"अहो, मग मला विचारायचंत! मी दोन वर्षं तिथे..."

"तेच तर ना. तुम्ही 'आम्ही टोलेडोला असताना' म्हणालात की मला सहन होत नाही. हेवा वाटतो तुमचा. तुम्ही त्या रस्त्यांवरून चाललायत हो."

माझा हेवा आजवर कोणी केला नव्हता. कोणी तरी करावा अशी हौस फार होती. पण तो असा ओट्यापाशी समोर येऊन उभा राहिला, तेव्हा मला तो घेववेना. दोन वर्षांत पाहिलं ते सगळं या माणसाला देऊन टाकावंसं वाटलं, आणि आठवलं काय, तर ऑफिस, पार्किंग आणि तळघरातलं कपडे धुण्याचं मशीन.

"ट्रकसुद्धा थांबतात?" साठ्यांनी विचारलं.

"ट्रकसुद्धा."

"आणि घाईत असलेली माणसं?"

"तीसुद्धा. मीच कितीदा थांबलोय. सकाळी ऑफिसला उशीर व्हायचा, मनात चार शिव्या द्यायचो, पण थांबायचो."

साठ्यांनी माझा साबणाचा हात दोन्ही हातांत धरला आणि माझे आभार मानले.