रहांगडाले सरांचं बिऱ्हाड

रहांगडाले सर कॉम्प्युटर बंद करण्याआधी त्याला 'येतो' म्हणायचे. मनातल्या मनात नाही, शेजारच्याला ऐकू जाईल असं. बाहेर पडायच्या बटणावर बाण नेऊन ठेवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, "येतो बरं" म्हणायचं आणि मगच बटण दाबायचं. एकदा घाईत विसरले, तर व्हरांड्याच्या टोकावरून परत आले, पासवर्ड टाकून पुन्हा आत गेले आणि रीतसर निरोप घेऊन बाहेर पडले.

सडक अर्जुनीच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. मी त्यांचा विद्यार्थी आणि पुढे तिथल्याच कॉम्प्युटर लॅबचा सहायक. माझे आईवडील कोहमाऱ्याला ढाब्यावर कामाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. प्रवेशाचा फॉर्म भरताना 'वडिलांचे शिक्षण' या रकान्यापाशी मी अडून बसलो होतो. सरांनी माझ्या हातातला पेन घेतला आणि लिहिलं, 'सुरू आहे'. ऑफिसातल्या बाबूंनी हरकत घेतली, तर म्हणाले, "पोराच्या मागं मागं शिकून राहिला ना बाप. खोटं काय त्यात?"

'जातो' हा शब्द त्यांना खपत नसे. कोणी "सर, जातो" म्हटलं की त्याला दारातून परत बोलवायचे. "कुठं जातोस? येतो म्हण." आमच्याकडे मुलीही 'येतो'च म्हणतात, त्यामुळे सगळ्यांना एकच नियम होता.

कॉलेजनं ऑनलाइन शिकवण्याची एक प्रणाली घेतली, तेव्हा बाकीच्या प्राध्यापकांनी आपापल्या विषयाच्या पानावर वर्षाला दोन पीडीएफ टाकल्या आणि कर्तव्य पार पाडलं. सरांनी तिथे संसार थाटला. पळसाची, तेंदूची, ऐनाची पानं थेट स्कॅनरच्या काचेवर ठेवून त्यांनी स्कॅन केली. पानं संपली तेव्हा मोहफुलं ठेवली आणि वर झाकण दाबलं. पुढे महिनाभर ऑफिसातल्या प्रत्येक दाखल्याच्या प्रतीवर एक पिवळट डाग यायचा आणि स्कॅनरमध्ये मुंग्यांची रांग लागायची. प्राचार्यांनी खुलासा मागितला. सरांनी त्या मुंग्यांची जात कोणती ते लिहून दिलं.

त्यांच्या फायलींची नावं म्हणजे 'नवीन', 'नवीन नवीन', 'हेच खरं नवीन' आणि 'याले हात लावू नका'.

मग एका मार्च महिन्यात नोटीस लागली की जुनी प्रणाली पंधरा एप्रिलला बंद होणार. सगळं साहित्य त्याआधी नव्या प्रणालीत न्यायचं. नोटिशीत शब्द होता 'मायग्रेशन'. सरांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे बिऱ्हाड हलवायचं," ते म्हणाले आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

ते काम माझ्याकडे होतं. इतर विषय दोन दिवसांत गेले. सरांच्या एका विषयाला दहा दिवस लागले, कारण प्रत्येक फाइल उघडून पाहिल्याशिवाय ते हलवू देत नसत. घर सोडताना माणूस माळा पाहतो की नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिलं काय न्यायचं यावरच अर्धा दिवस गेला. मी म्हटलं, अभ्यासक्रम. ते म्हणाले, नव्या घरात आधी पाण्याचा घडा जातो. म्हणून पहिली फाइल गेली ती तळ्यातल्या शिंगाड्याच्या वेलीची.

दहाव्या दिवशी यादीच्या तळाशी एक राखाडी ओळ राहिली. 'बीएस्सी द्वितीय वर्ष, जुना अभ्यासक्रम.' तो अभ्यासक्रम केव्हाच बदलला होता. आत विद्यार्थिनी एकच होती, सुनीता उईके. वाळवलेल्या वनस्पतींचे दहा तक्ते करायचे होते, त्यांतले सात तिनं जमा केले होते. उरलेल्या तीन तक्त्यांची अंतिम तारीख पाहून मी बुचकळ्यात पडलो. ती येत्या जूनमधली होती. जुन्या नोंदी उघडल्या, तर सर दर जूनमध्ये ती तारीख एक वर्षानं पुढे ढकलत आलेले.

नव्या प्रणालीचा गोंदियाचा माणूस फोनवर होता. त्यानं सांगितलं, "एक ही लड़की है, वो भी कब की छोड़ गई. उड़ा दो, भैया."

फोन स्पीकरवर होता. सर उठले. "हात नको लावू," एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले. त्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरचा निरोप घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी आम्हा दोघांनाही बोलावलं. सगळ्या विभागांच्या सह्या झाल्या होत्या, फक्त वनस्पतिशास्त्र उरलं होतं. एका पोरीसाठी सगळं कॉलेज अडवून धरलंय का, असं त्यांनी विचारलं. तिचा प्रवेश नाही, तर नव्या यादीत तिचं नाव कोणत्या नियमानं घालायचं?

सर उभेच होते. सुनीता सालेकशाकडच्या जंगलातल्या गावची, इथे वसतिगृहात राहायची, असं त्यांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी तिची आई अंथरुणाला खिळली, घरी लहान भावंडं. ती सात तक्ते घेऊन प्रयोगशाळेत आली, टेबलावर ठेवले आणि गेली.

"जातो म्हणाली असती तर मीच नाव काढलं असतं साहेब," सर म्हणाले. "ते येतो म्हणून गेली. मग जागा ठेवा लागते ना?"

तेव्हा माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. माघातल्या पौर्णिमेला कचारगडची जत्रा भरते, सालेकशाकडची सगळी गावं तिथे लोटतात. सर गेली चार वर्षं न चुकता रजा टाकून तिथे जात होते. पानं गोळा करायची आहेत, म्हणत. पण त्या जत्रेतलं एकही पान मी कधी स्कॅनरवर पाहिलं नव्हतं.

प्राचार्य बराच वेळ कागद खालीवर करत राहिले. शेवटी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "साहित्य हलवा. यादीचं मला विचारू नका."

मी ते नाव हातानं घातलं. सातही तक्त्यांचे स्कॅन नेले. तारखेच्या चौकटीपाशी सर म्हणाले, "तारीख कायले पाहिजे?" मी ती खूण काढून टाकली. मग पान उघडलं. सुनीता उईके. आणि नावापुढे 'शेवटची भेट: कधीच नाही'.

नव्या घरात ती आलेली नव्हती, म्हणून यंत्रानं तसं लिहिलं होतं. मी सरांना तेच समजावलं. ते पडद्याकडेच पाहत होते.

"कधीच नाही काऊन म्हणते तो?" त्यांनी त्या शब्दांवर बोट ठेवलं. "अजून नाही म्हणाव ना."

नव्या प्रणालीतले मराठी शब्द भरायचं काम माझ्याचकडे होतं. 'कधीच नाही' हे मीच डोळे झाकून लिहिलं होतं. मी ती यादी काढली आणि तिथे 'अजून नाही' लिहिलं. दोन मिनिटांचं काम. त्या दिवसापासून आमच्या सगळ्या कॉलेजात, जो जो विद्यार्थी आत आलेला नाही त्याच्या नावापुढे 'अजून नाही' दिसतं. सर निवृत्त झाल्यावर नव्या मॅडमनी विचारलंही, अनुवादात चूक झाली आहे का म्हणून. मी सांगितलं, चूक आधी होती.

पंधरा एप्रिलच्या दुपारी सर शेवटचे जुन्या प्रणालीत गेले. सगळी पानं रिकामी होती. ती एकेक उघडून पाहिली, माळा पाहावा तशी. मग बाण बटणावर नेला, चष्मा कपाळावर चढवला.

"जातो," ते म्हणाले.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. पण त्यांनी बटण दाबलं होतं, आणि नव्या घराचं दार उघडायला ते माझ्याकडे पासवर्ड मागत होते.